घरं आधी, रस्ते नंतर: एका फ्रेंच गावाखालचं रोमन शहर

फ्रान्समधल्या कुठल्याशा आडगावात घराचा पाया खणताना रोमन फरशी सापडली, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. २०१७ च्या उन्हाळ्यात ऱ्होन नदीकाठच्या सँत-कोलोंब इथे घरबांधणीच्या जागेवर जळून गेलेली अख्खी रोमन वस्ती निघाली, तेव्हा ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या रोमन शहरावरून ‘छोटं पाँपेई’ म्हणून ती बातमी जगभर फिरली. वाचणाऱ्याला पडणारे प्रश्न साधेच असतात. रोमन लोक फ्रान्सच्या खेड्यात काय करत होते? एखादं शहर जमिनीखाली जातं म्हणजे नेमकं काय होतं? आणि खाली आहे हे ठाऊक असेल, तर सगळं उकरून का काढत नाहीत?

सगळ्या फ्रान्सबद्दल बोलत बसण्यापेक्षा एकच गाव धरू. व्हेझों-ला-रोमेन. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात, माँ व्हाँतू या डोंगराच्या उत्तरेला, ऊव्हेझ नदीच्या काठी. वस्ती जेमतेम सहा हजार. आजूबाजूला द्राक्षमळे, मंगळवारी आठवडी बाजार. आणि या एवढ्याशा गावात सुमारे १५ हेक्टर, म्हणजे ३७ एकर रोमन अवशेष उघडे आहेत. ‘ला-रोमेन’, म्हणजे रोमन, हे शेपूट मात्र जुनं नाही. ते १९२४ मध्ये अधिकृतपणे जोडलं गेलं. उत्खननाला तेव्हा भर आला होता.

रोमन म्हणजे इटलीहून आलेले लोक का?

बहुतेकांच्या मनातलं चित्र असं असतं की सैन्य आलं, तळ पडला, सैनिकांनी दोरी लावून चौकटीचे रस्ते आखले आणि शहर उभं राहिलं. काही ठिकाणी असं घडलंही. व्हेझोंपासून तासाभराच्या आत असलेलं ऑरांज हे दुसऱ्या लीजनमधल्या, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या पलटणीतल्या, निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेलं गाव. रोमन भाषेत अशा वसाहतीला ‘कोलोनिया’ म्हणत.

व्हेझोंची गोष्ट वेगळी आहे. इथे राहत होती व्होकोंती नावाची स्थानिक जमात. आजच्या फ्रान्सला तेव्हा गॉल म्हणत आणि त्याचा दक्षिण भाग रोमने इ.स.पू. १२५ ते १२१ च्या सुमारास जिंकला. व्होकोंती तेव्हा रोमशी लढून हरले. पण पुढे त्यांच्याशी तह झाला आणि त्यांना मित्रनगराचा दर्जा मिळाला. मित्रनगर म्हणजे कागदोपत्री रोमचा दोस्त, घरचा कारभार स्वतःच्या हाती. प्लिनी या रोमन लेखकाने त्यांच्या दोन राजधान्या नोंदवल्यात: वासियो, म्हणजे आजचं व्हेझों, आणि लुकुस औगुस्ती, म्हणजे आजचं ल्युक-आँ-दियुआ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला भूगोलकार पोम्पोनियुस मेला तर दक्षिण गॉलमधल्या सर्वात श्रीमंत शहरांची यादी देताना वासियोचं नाव पहिलंच घेतो.

मग हे व्होकोंती ‘रोमन’ झाले कसे? याचं उत्तर एका घराण्याच्या तीन पिढ्यांत सापडतं. पोम्पेयुस त्रोगुस हा लॅटिन इतिहासकार व्होकोंती कुळातला. त्याच्या आजोबांना स्पेनमधल्या युद्धाच्या वेळी सेनापती पोम्पे याच्याकडून रोमन नागरिकत्व मिळालं, आणि रिवाजाप्रमाणे उपकारकर्त्याचं नाव घराण्याला चिकटलं. चुलता पोम्पेच्याच हाताखाली पूर्वेकडच्या युद्धात घोडदळाचा अधिकारी होता. वडील जुलियस सीझरच्या पत्रव्यवहाराचं काम पाहत. आणि मुलगा लॅटिनमध्ये जगाचा इतिहास लिहायला बसला. आजोबांची तलवार, वडिलांची लेखणी, नातवाचा ग्रंथ. कुणी इटलीहून येऊन बसलं नव्हतं. तिथलेच लोक नोकरी, नाव आणि भाषा यांच्या वाटेने रोमन होत गेले.

त्रोगुसचा मूळ ग्रंथ हरवला आहे. पुढे युस्तिनुस नावाच्या लेखकाने त्याचा केलेला संक्षेप तेवढा उरला. त्यात सांद्रोकोत्तुस, म्हणजे आपला चंद्रगुप्त मौर्य, याची हकिकत आहे: दमून झोपलेल्या तरुण चंद्रगुप्ताजवळ सिंह आला, त्याने अंगावरचा घाम चाटला आणि काही न करता निघून गेला. मौर्यांविषयी बोलताना भारतीय इतिहासकार ज्या मोजक्या ग्रीक-लॅटिन मजकुरांचा आधार घेतात, त्यातला हा एक. म्हणजे आपल्या इतिहासाचा एक धागा या फ्रेंच डोंगराळ मुलखातल्या माणसाच्या हातून आलाय.

दुसरं नाव अफ्रानियुस बुरुस. सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा हा प्रमुख इसवी सन ५१ ते ६२ या पदावर होता, आणि पुढे सम्राट झालेल्या तरुण नीरोला तत्त्वज्ञ सेनेकाच्या जोडीने ताळ्यावर ठेवण्याचं काम त्याच्याकडे होतं. तो गेल्यावर नीरो कुठे घसरला ते सर्वांना माहीत आहे. व्हेझोंमध्ये एक शिलालेख सापडला आहे. वासियोच्या व्होकोंतींनी बुरुसला आपला आश्रयदाता म्हणून गौरवलंय. दरबारात आपला माणूस असणं तेव्हाही कामाला येत असणार.

शहर आखलं कुणी?

व्हेझोंने अभ्यासकांना जी सर्वात मोलाची गोष्ट शिकवली ती इथे आहे. उघड्या अवशेषांचे दोन भाग आहेत: प्युइमँ आणि ला व्हिलास. दोन्हीकडे श्रीमंतांच्या प्रचंड हवेल्या. प्युइमँजवळच्या भागातलं मोराच्या चित्राच्या फरशीचं घर, ला व्हिलासमधलं चांदीचा अर्धपुतळा सापडलेलं घर, आणि तिथलंच डॉल्फिनचं घर. डॉल्फिनवर बसलेल्या बाल कामदेवाचं छोटं संगमरवरी शिल्प मिळालं म्हणून हे नाव. डॉल्फिनचं घर सुमारे २,७०० चौरस मीटर, म्हणजे २७ गुंठे. चांदीच्या अर्धपुतळ्याचं घर ५,००० चौरस मीटर, सव्वा एकराच्या घरात! अंगण, कारंज्यांचे हौद, खांबांच्या ओसऱ्या, खासगी स्नानगृह. पाँपेईतली बरीचशी नामांकित घरं यापुढे लहान वाटतील.

क्रिस्तियाँ गुदिनो या पुरातत्त्वज्ञाने डॉल्फिनच्या घराच्या जमिनीखाली पुन्हा खणून पाहिलं. त्याला दिसलं की या घराची पहिली पायरी इ.स.पू. ४० च्या आसपासची आहे, आणि तेव्हा भोवती शहर नव्हतंच. मोकळ्या रानात एका धनिकाचं शेतावरचं घर होतं. त्याची दिशा कुठल्याही रस्त्याशी जुळत नव्हती, कारण जुळायला रस्ताच नव्हता. पक्के रस्ते, कडेच्या ओसऱ्या, दुकानांची रांग हे सगळं शंभरेक वर्षांनी, पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात आलं. तेव्हा घरांच्या काही भिंती पाडाव्या लागल्या, अंगणांचे कोपरे कापावे लागले. व्हेझोंचे रस्ते वेडेवाकडे दिसतात ते यामुळे. मोठ्या जमीनदारांनी आधी आपापल्या जागा अडवल्या होत्या. शहराला त्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांतून वाट काढावी लागली.

शहरं वाढताना पाहिलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. नवल अभ्यासकांना वाटलं, कारण ‘रोमन म्हणजे सरळ रेषा’ हे समीकरण फार पक्कं बसलं होतं.

मग एवढं सगळं जमिनीखाली गेलं कसं?

इथे भूकंप झाला नाही की ज्वालामुखी फुटला नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या गावांची पांढर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. मातीची घरं पडतात, त्याच मातीवर नवी उभी राहतात, चुलीची राख आणि खापरं पडत जातात, आणि शेकडो वर्षांत गाव शेतापेक्षा चांगलंच उंच बसतं. व्हेझोंतही हेच घडलं, फक्त वर राहणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. रोमन घराची भिंत खाली दगडाची असली तरी वरचा भाग पुष्कळदा मातीचा असे आणि छपरावर जडशीळ कौलं. लाकूड कुजलं की छप्पर खोलीत कोसळतं, मागोमाग मातीची भिंत विरघळते. त्यावर प्युइमँ टेकडीवरून पावसाने वाहून आणलेला गाळ.

तिसऱ्या शतकाच्या शेवटी यातल्या बऱ्याच हवेल्या ओस पडल्या. गाव मात्र मेलं नाही. ३१४ साली आर्ल इथे भरलेल्या धर्मसभेला व्हेझोंचा बिशप हजर होता. ४४२ आणि ५२९ मध्ये खुद्द व्हेझोंमध्ये धर्मसभा झाल्या, आणि ५२९ च्या सभेने ठराव केला की खेड्यापाड्यांतल्या पाद्र्यांनी मुलांना घरी ठेवून वाचायला शिकवावं. युरोपातल्या ग्रामीण शाळांचा इतिहास सांगताना हा ठराव हटकून येतो. पण हे गाव आता लहान झालं होतं आणि घराला लागणारा दगड त्याला खाणीतून आणायची गरज नव्हती. जुन्या कॅथेड्रलच्या पाठीमागे पायाजवळ वाकून पाहिलं, तर रोमन खांबांचे गोल तुकडे सरळ आडवे रचलेले दिसतात.

मग बाराव्या शतकाच्या अखेरीला तुलूझच्या सरदाराने नदीपलीकडच्या कातळावर किल्ला बांधला. बिशप आणि सरदार यांचं भांडण, असुरक्षित काळ; हळूहळू सगळी वस्ती त्या कातळाच्या उतारावर चढली. नदीच्या उजव्या तीरावर राहिलं जुनं कॅथेड्रल आणि शेती. पाचशेहून जास्त वर्षं रोमन शहरावर नांगर आणि द्राक्षवेली, बस्स. नांगर वीतभर खोल जातो, पायाला धक्का लावत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लोक पुन्हा खाली उतरले आणि सपाटीवर आजचं गाव वसलं.

आता नकाशा डोळ्यापुढे आणा, म्हणजे एक गंमत लक्षात येते. उघडे अवशेष गावाच्या कडेला आहेत, कारण तिथे घरं झाली नव्हती. रोमन शहराचा मधला भाग, तिथला मुख्य चौक, ज्याला फोरम म्हणतात, तो आजच्या घरांखाली आणि दुकानांखाली असावा असं मानलं जातं. तिकीट काढून आपण जे पाहतो ते श्रीमंतांचे मोहल्ले आहेत. कचेऱ्या, न्यायसभा, मुख्य देवळं आपल्याला दिसतच नाहीत. ‘रोमन लोक असे राहत’ असं म्हणताना हे विसरायला होतं. सव्वा एकराच्या घरात कितीजण राहत असतील?

हे उकरलं कुणी, पैसे कुणी दिले?

जोसेफ सोतेल हे धर्मगुरू १९०७ मध्ये इथे खणायला लागले आणि १९५५ मध्ये वारेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. पैशांची सोय केली आल्सास प्रांतातले तंबाखूचे कारखानदार मोरिस बुरुस यांनी. त्यांनी जमिनी विकत घेतल्या, खोदकाम आणि डागडुजी यांचा खर्च उचलला. नीरोच्या त्या अधिकाऱ्याचं आणि यांचं आडनाव एकच. हे गृहस्थ टपाल तिकिटांचे जगप्रसिद्ध संग्राहकही होते, म्हणजे जुनं शोधून, लावून, नीट मांडून ठेवण्याची हौस मुळातच होती.

सोतेल नसते तर व्हेझों कुणाला माहीत झालं नसतं. तरी त्यांच्या पद्धतीला आजच्या अभ्यासकांचा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. तो समजण्यासाठी ‘स्तर’ ही एकच संज्ञा पुरे. जमिनीतला प्रत्येक थर एका काळाचा. वरचा नवा, खालचा जुना. थरात सापडलेलं नाणं किंवा खापर त्या थराचा काळ सांगतं. नाणं थरातून काढून टोपलीत टाकलं आणि थराची नोंद केली नाही, तर नाणं उरतं, काळ जातो. सोतेल यांच्या काळी भिंती शोधणं हे मुख्य काम होतं. भिंत लागली की तिच्याकडेने खणत जायचं, मधली माती बाहेर फेकायची. अशाने भिंतींचा सुंदर नकाशा मिळतो, पण कुठली भिंत कुठल्या पिढीतली हे सांगणारी माती गेलेली असते. गुदिनोला नवं काही कळलं ते सोतेल यांनी न खणलेल्या खालच्या मातीतून. शेवटच्या काळातल्या फरशीखाली जायचं सोतेल यांनी टाळलं हे पुढच्यांचं नशीब.

आपण पाहतो ते अस्सल आहे का?

बरंच आहे, सगळं नाही. प्युइमँ टेकडीच्या उत्तर उतारावरचं नाट्यगृह घ्या. पहिल्या शतकातलं, सहा हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतील एवढं. तिथे क्लॉडियस, डोमिशियन, हेड्रियन या सम्राटांचे आणि हेड्रियनची राणी सबीना हिचा असे पुतळे मिळाले. ते आता गावातल्या संग्रहालयात आहेत. उत्खननात मात्र प्रेक्षकांच्या पायऱ्या जवळजवळ उरलेल्याच नव्हत्या, दगड केव्हाच पळवले गेले होते. आज ज्या पायऱ्यांवर लोक बसतात त्या बहुतांश १९३० च्या दशकात वास्तुरचनाकार ज्यूल फोर्मिजे यांनी पुन्हा बांधलेल्या आहेत. हवेल्यांमधले काही खांबही तेव्हाच उभे केले गेले.

याला फसवणूक म्हणावं का? मला तसं वाटत नाही. नाट्यगृह नुसता खड्डा म्हणून ठेवलं असतं तर तिथे उन्हाळ्यात नृत्यमहोत्सव भरला नसता आणि गावकऱ्यांना त्याची आपुलकी वाटली नसती. पण कुठलं जुनं आणि कुठलं नवं हे पाहणाऱ्याला जागेवरच कळलं पाहिजे, आणि शंभर वर्षांच्या ऊन-पावसाने नव्या दगडालाही जुन्याचा रंग येतो ही अडचण आहे.

पूल टिकला, मग रोमन अभियंते श्रेष्ठ का?

२२ सप्टेंबर १९९२ ला ऊव्हेझच्या खोऱ्यात काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. नदी रोमन पुलावरून वाहिली. व्हेझोंमध्ये तीसहून अधिक माणसं गेली. पूल उभा राहिला. त्याचा कठडा तेवढा गेला, तो पुन्हा बांधला. याच पुलाने १६१६ चा पूर पाहिला, आणि १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने सुरुंग लावूनही तो पडला नाही.

हे ऐकून ‘पूर्वीचं बांधकाम ते बांधकाम’ असं म्हणण्याचा मोह होतो. कारणं बघू. पूल नदीच्या सगळ्यात अरुंद जागी, दोन्हीकडच्या कातळावर बसवला आहे. कमान एकच, सुमारे १७ मीटर रुंद. पात्रात खांब नाही, त्यामुळे वाहून आलेली झाडं अडकून धरण तयार होण्याची शक्यता कमी होते. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो आणि वजन वाढलं की पकड घट्ट होते. यात कसब आहेच. पण जे रोमन पूल वाहून गेले ते आज कौतुकाला उपलब्ध नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवं.

१९९२ ची माणसं पुलावर मेली नाहीत. सर्वाधिक हानी झाली ती नदीच्या पूरक्षेत्रात उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतीत आणि तंबूतळावर. प्रश्न दगड कसा रचला याचा नव्हता, घर कुठे बांधलं याचा होता. त्यानंतर १९९५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये धोक्याच्या जागांचे आराखडे आले: कुठे बांधायचं नाही, कुठे अटींवर बांधायचं हे त्यात ठरतं.

उरलेलं शहर उकरत का नाहीत?

रोमन वासियोचा पसारा साठ-सत्तर हेक्टरांचा धरतात. म्हणजे तीन चतुर्थांशाहून अधिक अजून खालीच आहे. एक कारण उघड आहे, वर लोक राहतात. दुसरं पैशाचं, आणि हा पैसा खोदण्यापेक्षा पुढे टिकवण्यात जातो. उघडी पडलेली भिंत दर हिवाळ्यात गारठ्याने थोडी फुटते, सांध्यांत गवत रुजतं, चित्रांच्या फरशीचे खडे सुटतात. मातीखाली यातलं काही होत नाही. तिसरं कारण मघाच्या स्तरांचं. थर एकदाच खणता येतो. आज काही भाग तसाच ठेवला तर पन्नास वर्षांनंतरचे अभ्यासक तो अधिक चांगल्या साधनांनी वाचतील.

म्हणून आता फ्रान्समध्ये बहुतेक खोदकाम निवडून होत नाही, गरज पडली म्हणून होतं. त्याला बचाव उत्खनन म्हणू. १७ जानेवारी २००१ च्या कायद्यानुसार, जिथे अवशेष असण्याची शक्यता आहे तिथे बांधकामाआधी तपासणी होते, आणि खोदकाम करावं लागलं तर खर्चाचा भार बांधकाम करणाऱ्यावर येतो. यासाठी २००२ मध्ये इनराप ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. काम संपलं, नोंदी झाल्या की बहुतेक वेळा तिथे ठरल्याप्रमाणे इमारत होते. सँत-कोलोंबचं ‘छोटं पाँपेई’ही घरबांधणीआधीच्या अशाच खोदकामात निघालं. व्हेझोंमध्ये पुढचं काय सापडणार हे त्यामुळे पुष्कळसं कुणाला तळघर हवंय आणि नगरपालिकेला कुठली गटारं बदलायचीत यावर अवलंबून आहे.

‘माझ्या शेतात निघालं तर ते माझं’ हा हिशेबही बदललाय. २०१६ च्या कायद्यानंतर हातबदल झालेल्या जमिनीत जे पुरातत्त्वीय सापडेल ते सरकारचं धरलं जातं. एकोणिसाव्या शतकात तसं नव्हतं. १८६० च्या दशकात व्हेझोंमध्ये डोक्याला फीत बांधणाऱ्या खेळाडूचा अप्रतिम संगमरवरी पुतळा सापडला, पोलिक्लैतोस या ग्रीक शिल्पकाराच्या हरवलेल्या कांस्यमूर्तीची रोमन प्रतिकृती. मालकाने तो विकला. १८७० पासून तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.